बुरशी, साखर आणि मावशीची गोळी

प्रश्न : मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. अल्पेलिसिबची गोळी सुरू झाल्यापासून तिची साखर वाढली आहे. घरच्या ग्रुपवर कुणी टाकलंय की वॉर्टमॅनिन नावाचं याच जातीचं औषध बुरशीत आपोआप तयार होतं आणि नैसर्गिक असल्याने साखर वाढवत नाही. खरं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पहिलं अर्धं खरं, दुसरं साफ खोटं.

वॉर्टमॅनिन बुरशीचंच, पेनिसिलिनवालीच्या भावकीतलं. १९५७ साली त्याची नोंद झाली तेव्हा कॅन्सरचा विषयही नव्हता. इतर बुरशींना मारतं, एवढंच कौतुक. पीआय३के या एन्झाइमला ते रोखतं हे कळायला १९९०चं दशक उजाडलं. एन्झाइमच्या एका लायसिनला (प्रथिनाच्या साखळीतली एक कडी) ते असं चिकटतं की सुटत नाही.

आता साखरेचं. इन्सुलिन पेशीच्या दाराशी येतं, पण ‘साखर आत घ्या’ हा निरोप आत पोचवतं पीआय३के. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये त्याचंच जनुक बिघडलेलं असतं आणि ‘वाढा, वाढा’ हा धोशा थांबतच नाही. गोळी तो निरोप्या अडवते, म्हणून साखर चढते. पीआय३केचे प्रकार अनेक; अल्पेलिसिब त्यातल्या त्यात एकाच प्रकारावर नेम धरते. वॉर्टमॅनिन सरसकट सगळ्या भावंडांना धरतं, म्हणजे साखरेला ते बरं कसं असेल?

मी प्रयोगशाळेत ते वापरलंय. कुपी उणे २० अंशांवर, फॉइलमध्ये गुंडाळलेली. एकदा पेशींच्या पाणीदार द्रावणात मिसळून ठेवलं आणि चहाला गेले. परतून पेशींवर घातलं, तर ढिम्म परिणाम नाही. पाण्यात ते इतक्या लवकर बिघडतं. शिवाय जनावरांना विषारी ठरलं. माणसांसाठी औषध म्हणून ते कधी मंजूर झालेलं नाही. अल्पेलिसिब (अमेरिकेत मंजुरी २०१९) तर कारखान्यात बनवलेला वेगळाच रेणू. मात्र पीआय३के अडवल्यावर पेशीत काय होतं, हे आम्ही शिकलो ते बरंचसं या बुरशीच्याच जिवावर.

मावशींची गोळी स्वतःहून बंद करू नका. साखरेचे आकडे तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. साखरेचं औषध जोडतात, कधी गोळीचा डोस कमी करतात. खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा धाप दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि त्या ग्रुपवाल्यांना विचारा, नेमकी कुठली बुरशी खायला घालणार आहेत? लोणच्यावरची?