उत्तर गूगलवरच मिळते, मग आमच्याकडे कोण येणार?

गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात शोधनिकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश दाखवायला सुरुवात केली. तेव्हापासून या सदराकडे येणारे बहुतेक प्रश्न ‘एसईओ’, म्हणजे संकेतस्थळ शोधनिकालांत वर आणण्याचे काम, संपले का, याच शंकेभोवती फिरत आहेत. शंका रास्त आहे. मात्र ती विचारणाऱ्याला बहुधा आधी कोणीतरी घाबरवलेले असते आणि पाठोपाठ काहीतरी विकलेलेही असते.

प्रश्न : प्रत्येक पानात ‘कीवर्ड मेटा टॅग’ भरून देण्यासाठी एक जण पानामागे पैसे मागत आहे. द्यावेत का?

देऊ नयेत. हा टॅग म्हणजे पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी; क्रमवारी ठरवताना ती आपण विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

प्रश्न : आमचा तासगावात बेदाण्याचा व्यापार आहे. ‘एसईओ बंद झाले, आता जीईओ (एआयच्या उत्तरांत दिसण्यासाठीची कामे) घ्या’ असे सांगून एका एजन्सीने वर्षाचा करार पुढे केला आहे. त्यात ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल आणि पहिल्या क्रमांकाची हमी आहे.

‘हमी’ हा शब्द दिसताच करार बाजूला ठेवावा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलच्या मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे. एआय साधनांना संकेतस्थळाची ओळख करून देणारी ती फाइल म्हणजे २०२४ मध्ये मांडला गेलेला एक प्रस्ताव असून गूगल शोध ती वापरत नाही. सारांशांत दिसण्यासाठी वेगळी कोणतीही तजवीज लागत नाही; पान गूगलच्या सूचीत (इंडेक्समध्ये) असावे आणि त्यातील उतारा दाखवण्यास मनाई नसावी, एवढेच पुरते. घाऊक खरेदीदाराला हवी असलेली प्रत, रंग, किमान मागणी आणि पॅकिंग ही माहिती आपल्या पानावर मजकूर म्हणून आहे, की केवळ व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या दरपत्रकाच्या चित्रात आहे, हे आधी पाहावे. कोणते पान कसे बदलणार, हे एजन्सीकडून लेखी घेऊन एखाद्या त्रयस्थ जाणकाराला दाखवल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न : आम्ही आरोग्यविषयक माहिती देतो. वर्षभरात वाचक निम्म्यावर आले. शोधातली कामगिरी दाखवणाऱ्या गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनात ‘इम्प्रेशन्स’ची (निकालांत पान किती वेळा दिसले) रेघ सपाट आहे, ‘क्लिक्स’ची मात्र घसरली आहे.

दोन्ही रेघा एकदम खाली आल्या असत्या, तर क्रमवारीत किंवा सूचीत बिघाड झाल्याचा संशय घेता आला असता. आपली पाने दिसत आहेत, पण लोक ती उघडत नाहीत. त्याचे खापर लगेच सारांशांवर फोडू नये, कारण सर्च कन्सोल त्यांचे आकडे वेगळे न काढता एकूण वेब शोधातच धरतो. ‘म्हणजे काय’ धाटणीचे शोध आणि आपल्या संस्थेच्या नावाने झालेले शोध वेगवेगळे करून मागच्या वर्षाशी ताडून पाहावेत. पहिल्या प्रकारातले क्लिक गेले असतील, तर ते परत येतील या आशेवर खर्च करू नये. डॉक्टरांच्या नावानिशी लिहिलेले, त्यांच्या तपासणीतल्या अनुभवावर उभे असलेले लेख दोन ओळींच्या सारांशात मावत नाहीत. भर तिथे द्यावा. लेख सरसकट काढून टाकण्यापूर्वी मात्र हे आकडे कोणा जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

प्रश्न : गुहागरला आमचा होमस्टे आहे. एआय साधनाने महिन्याभरात तीनशे मराठी लेख तयार करून टाकले. सुरुवातीला भेटी वाढल्या, आता ती पाने दिसतच नाहीत. आणखी तीनशे टाकावेत का?

नाही. दर आठवड्याला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. यंत्राची मदत घेणे हा गूगलच्या लेखी गुन्हा नाही. मात्र वाचकाच्या हाती काही न देणारी पाने केवळ क्रमवारीसाठी ढिगाने काढणे, मग ती यंत्राने लिहिलेली असोत वा माणसाने, मार्च २०२४ पासून स्पष्टपणे स्पॅम धोरणात बसते, आणि दुसऱ्याचा मजकूर नुसता भाषांतरित करून ओतणेही त्यातच येते. आपण पाठवलेल्या लेखांपैकी दहा मी वाचले. ‘येथील निसर्गरम्य समुद्रकिनारा पर्यटकांना मंत्रमुग्ध करतो’ हे वाक्य त्यांतल्या सहांत आहे आणि ते हरिहरेश्वरच्या किंवा तारकर्लीच्या पानावर उचलून ठेवले तरी कोणाला पत्ता लागणार नाही. एका लेखात होमस्टेचे ‘घर थांबा’ झाले आहे. आपण तो लेख वाचला असता, तर ते नजरेतून सुटले नसते. उलट दापोलीहून येणाऱ्याने दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली तर किती वळसा वाचतो, चिपळूण स्थानकावर रात्री उतरलेल्या कुटुंबाने पुढे कसे यावे, गाडी अंगणापर्यंत येते का, आजीला जिने चढावे लागतील का, पावसाळ्यात वीज गेली तर काय सोय आहे, यातले काहीही तीनशे लेखांत नाही. हे प्रश्न आपण फोनवर रोज ऐकता आणि त्यांची उत्तरे आपल्याखेरीज कोणाकडेही नाहीत. ती पाच-सहा पानांत, स्वतः काढलेल्या फोटोंसह लिहावीत. जुने लेख काढण्यापूर्वी सर्च कन्सोलच्या ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ (गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई) या पानावर सूचना आली आहे का ते पाहावे. सूचना असेल, तर साफसफाईनंतर पुनर्विचाराचा अर्ज करावा लागतो. नसेल, तर साफसफाई करून काही महिने धीर धरावा लागतो. दोन्ही वाटांवर कोणाची तरी देखरेख असलेली बरी, कारण घाईघाईत चांगली पानेही उडवलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी संकेतस्थळ नव्याने बांधले आणि पानांचे पत्ते बदलले. तेव्हापासून गूगलवरून चौकशी येत नाही. डिझायनर ‘थोडा वेळ द्या’ म्हणतो.

आठ महिने म्हणजे थोडा वेळ नव्हे. हा प्रश्न आठव्या दिवशी यायला हवा होता. एखाद्या जुन्या माहितीपत्रकावर छापलेला पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहा. ‘४०४’ (पान सापडले नाही) आले, तर जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे कायमची ‘३०१’ वळणे दिलेलीच नाहीत. ती याच आठवड्यात करून घ्यावीत आणि निदान वर्षभर काढू नयेत. गेलेले सगळे परत मिळेलच, असे आता सांगता येत नाही. डोमेन डिझायनरच्या नावावर असेल, तर वाद घालण्याआधी ते स्वतःच्या खात्यात आणावे.

प्रश्न : एआयला आमचा मजकूर मिळू नये म्हणून संकेतस्थळातले काय वाचावे हे यंत्रांना सांगणाऱ्या ‘रोबोट्स’ फाइलमध्ये ‘गूगल-एक्स्टेंडेड’ बंद केले. तरी सारांशांत मजकूर येतो.

येणारच. त्या ओळीने जेमिनी या गूगलच्या एआय प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी होणारा वापर थांबतो. सारांश शोधासाठी पाने वाचणाऱ्या नेहमीच्या ‘गूगलबॉट’ या यंत्रणेवर चालतात. उतारा दाखवू नये असे सांगणारी ‘नोस्निपेट’ ही खूण लावता येते, पण मग नेहमीच्या निकालातला उताराही जातो. ऐकीव माहितीवर या फाइलला हात लावू नये; एका चुकीच्या ओळीने अख्खे संकेतस्थळ गूगलबॉटला बंद होते.

प्रश्न : आमच्या मासिकाचे जुने अंक पीडीएफ स्वरूपात आहेत, तरी त्यातले लेख शोधात सापडत नाहीत.

पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून शोधपट्टीत चिकटवा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर अंक युनिकोड (संगणकांवर सर्वत्र चालणारी अक्षरप्रणाली) येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत आणि गूगललाही ती खिचडीच दिसते. मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, त्यामुळे मुद्रितशोधकाचे दर आधी विचारून ठेवावेत आणि एका अंकावर प्रयोग करून मगच बाकीचे अंक हाती घ्यावेत.