न्यूटनचे वीस मैल आणि माझी नडगी

‘एक्केचाळिसाव्या वर्षी धावायला लागलो, आर्थर न्यूटनबद्दल वाचलं आणि तीन महिन्यांत आठवड्याला शंभर किलोमीटरवर गेलो. आता नडगी दुखते, पण धावणं चालू ठेवू का?’ तुमचा प्रश्न वाचताना माझंच जुनं दुखणं आठवलं. आधी थांबा. बूट, पाणी, स्ट्रेचिंग यात मी शिरत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच.

न्यूटनने मलाही असंच झपाटलं होतं. लांब पल्ल्याचा धावपटू. माणूस इंग्लंडमधल्या वेस्टन-सुपर-मेअरचा, शेती दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात. शेजारची जमीन सरकारने कृष्णवर्णीयांसाठी राखली, त्यामुळे माझ्या शेताची किंमत गेली, भरपाई द्या, असं त्याचं भांडण होतं. (ते भांडण मला पटत नाही, पण तो विषय वेगळा.) नाव झालं तर आपलं कुणी ऐकेल म्हणून तो १९२२ च्या जानेवारीत, अडतिसाव्या वर्षी, धावायला लागला. सुरुवातीला दोन मैलांतच दमला. मे महिन्यात कॉम्रेड्स, म्हणजे तिथली नव्वदएक किलोमीटरची शर्यत, जिंकला, ८ तास ४० मिनिटांत. १९२५ साली तीच शर्यत ६ तास २४ मिनिटांत. एकूण पाच वेळा जिंकला. १९२८ मध्ये इंग्लंडच्या बाथ रस्त्यावर १०० मैल १४ तास २२ मिनिटांत.

माझी चूक ही की मी त्याचे दिवसाचे वीस मैल तेवढे उचलले. सराव हळू करा, सरावात शर्यत लावू नका, घड्याळ लावून स्वतःची परीक्षा घेऊ नका, हे तो कळकळीने सांगायचा. ते मी वाचूनही सोडून दिलं. दर रविवारी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात मागच्या रविवारची वेळ मोडायची, हाच माझा सराव.

नडगी दुखायला लागली तशी एका क्लिनिकमध्ये गेले. एक्स-रे काढला, ‘काही नाही, वय झालं, मसाज घ्या’ म्हणाले. दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले. सहा आठवडे मी त्या पायावर धावत राहिले. शेवटी दुसरीकडे एमआरआय केला, तेव्हा हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर, निघालं. सुरुवातीला ते एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर माझं अख्खं वर्ष वाचलं असतं. अजून राग येतो.

मी डॉक्टर नाही, तुमचं दुखणं वेगळंही असेल. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर हाडाच्या डॉक्टरांकडे एमआरआयचं स्वतःहून विचारा. मॅरेथॉनच्या ग्रुपवर विचारू नका, तिथे सगळे ‘धावून मोकळं होईल’ म्हणतात.

बरे झालात की चालण्यापासून सुरू करा. सोबतच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने, आणि पहिले काही महिने घड्याळ घरी ठेवून. घाट उतरताना पावलं लहान टाका, माझ्या नडगीला उतारच जास्त बाधला. रिपोर्ट आला की इथेच लिहा, मी वाट बघते.