तारेला झोळ ठेवा

प्रश्न: आम्ही मे महिन्यात सात जण बसतील अशी गाडी घेतली. शोरूमने मडफ्लॅप, सीट कव्हर, मागचा कॅमेरा आणि डॅशकॅम असं पॅकेज सांगितलं. महाग वाटलं म्हणून नको म्हटलं. बारावी झालेला मुलगा म्हणतो, सगळं सुटं आणू, मी बसवतो. यजमान बोटीवर आहेत, चवथीला येतील. बाहेरचं सामान लावलं तर वॉरंटी जाईल का? दीर म्हणतात, रस्त्यात गुरं बसलेली असतात, पुढे स्टीलचा गार्डही लावून घ्या.
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर: बाई, आधी दिरांचं बघू, कारण तिथे माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत, कारवाई करा, असं राज्यांना कळवलं होतं. कायदा घटकाभर सोडा. गाडीचं तोंड आधी चेपावं आणि धक्का तिथेच जिरावा अशी रचना असते. गार्ड चॅसीला बोल्ट केला की धक्का न जिरता आत येतो, एअरबॅगच्या सेन्सरचाही हिशेब चुकतो. म्हशींसाठी हेडलाइटच्या काचा पुसून ठेवा आणि रात्री हळू चालवा.

सीट कव्हर मुलाला खुशाल बसवू दे. फक्त सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली पट्टी आहे का ते बघा. असेल तर त्या बाजूची शिवण उसवेल असं, त्याच मॉडेलचं कव्हर घ्या.

मडफ्लॅपच्या बाबतीत मी स्वतः पस्तावलोय. माझ्या पहिल्या गाडीला बाजारातले फ्लॅप आणले, ड्रिलने मागच्या चाकावरच्या कमानीच्या पत्र्याला चार भोकं पाडली आणि स्क्रू पिळले. काम झकास दिसलं. दुसऱ्या पावसाळ्यात स्क्रूभोवतीचा रंग फुगला. नखाने उचकटला तर खाली लाल भुगा! आमचं घर मोरजीला, खारा वारा बारमाही. त्यात फ्लॅप आणि पत्र्याच्या फटीत तांबडी माती भरायची, ती ओली ती ओलीच. म्हणून फ्लॅप कंपनीचेच घ्या. बंपरला आणि आतल्या प्लास्टिक लायनरला आधीच असलेल्या भोकांत ते बसतात. पुढचं चाक पूर्ण वळवलं की स्क्रूपर्यंत हात पोचतो, चाक काढावं लागत नाही.

आता वॉरंटी. एखादी वस्तू बाहेरून आणली म्हणून सहसा अख्खी वॉरंटी जात नाही, पण कापून जोडलेली तार दिसली की इलेक्ट्रिकलचा दावा नाकारायला कारण मिळतं. पुस्तिकेतलं ते पान वाचाच. मुलाला सांगा, कटर हातात घ्यायचा नाही. डॅशकॅमसाठी फ्यूज बॉक्सही उघडायला नको, वीज १२ व्होल्टच्या सॉकेटमधूनच घ्या. पार्क केल्यावरही रेकॉर्डिंग चालू ठेवणारी जोडणी तुम्हाला कशाला? यजमान नसताना गाडी चार-चार दिवस उभी असणार, बॅटरी बसेल. पुढच्या काचेच्या कडेच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर तार तिच्यावरून नेऊ नका, मागून न्या. आणि पिवळा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, दिसला तर हात लावू नका, तो एअरबॅगचा.

कॅमेरा हे यातलं खरं काम. स्क्रीनला कॅमेऱ्याचं इनपुट आहे का ते आधी पाहा. असेल तर गाडीचाच तयार कपलर असलेला कॅमेरा मिळतो का विचारा; दोनशे-पाचशे जास्त गेले तरी चालतील. बॅटरीची निगेटिव्ह तार काढूनच सुरुवात करा. डिकीच्या दारातल्या तारा बॉडीत ज्या रबरी नळीतून जातात, त्याच नळीतून कॅमेऱ्याची तार ओवायची. थोडं साबणाचं पाणी लावलं की सरकते. पुष्कळ जण कंटाळून ती दाराच्या कडेच्या रबरी बीडिंगखाली दाबतात आणि आमच्या पावसात तिथूनच पाणी आत येतं. पाणी तारेवरून ओघळत थेट कपलरमध्ये शिरतं. म्हणून कपलरच्या आधी तार चार बोटं खाली सोडा, झोळ द्या, मग वर घ्या. थेंब झोळाच्या तळाशीच गळून पडतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर डिकीचं आतलं झाकण काढून कपलरखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर झोळ कमी पडलाय.