'माझी कहाणी' नको, चपलेची सांगू दे

प्रश्न : मी मुलुंडची निवृत्त शिक्षिका. दर रविवारी दादरला पुलाखाली राहणाऱ्या पंधरा ते वीस वयाच्या मुलामुलींकडून लेखन करून घेते. 'माझी कहाणी' विषय दिला की निम्मी उठून जातात. उरलेली सगळी एकच लिहितात : सावत्र आई, मार, गाडीत बसलो. निवडक लेखन नाव-फोटोसह दिवाळी अंकात द्यायचा विचार आहे. काय करावं?

उत्तर : बाई, विषय बदला. ही कहाणी या पोरांनी पोलिसांना, संस्थेच्या दीदीला, बाल कल्याण समितीला सांगून झालीय. काय सांगितलं की प्रश्न थांबतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तेच तुमच्या वहीत उतरतं. त्याला खोटेपणा म्हणू नका, तेवढ्यावर ती आजवर निभावली आहेत.

मी कुर्ल्याला गोष्टींचा गट घेते, तिथे मध्ये एखादी वस्तू ठेवते. एकदा पट्टा तुटलेली एकच चप्पल ठेवली. टर्मिनसबाहेर पाण्याच्या बाटल्या विकणारा पोरगा सुरू झाला : ही कसारा लोकलमध्ये चढली, जोडीदारीण कर्जत लोकलमध्ये. कल्याणपर्यंत रस्ता एकच, म्हणून दोघी निर्धास्त. "फिर?" पोरी ओरडल्या. "फिर क्या, कसाऱ्याला थंडी वाजली तिला."

लिहिता येत नसेल तर हट्ट नको. एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, लगेच मोठ्याने वाचायचं. 'फिर'चं 'मग' करू नका. सांगणारा "असं नाय बोललो मी" म्हणाला, की ते वाक्य खोडून त्याचं घाला. मला हीच वेळ सगळ्यात मोलाची वाटते. त्याच्या नावाने इतके कागद रंगवले गेलेत, त्यातला एक तरी त्याला बदलता येतो.

कधी गोष्टीआडून खरा अत्याचार डोकावतो. तेव्हा 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचार कळवणं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे.

नाव-फोटो अजिबात नको. अशा अल्पवयीन मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. अठरावरच्यांनाही छापायचा मजकूर आधी वाचून दाखवा, मगच होकार विचारा. टोपणनाव ज्याचं त्याला ठरवू द्या. आणि संपादकांशी मानधनाचं आत्ताच बोलून घ्या. ते लिहिणाऱ्याच्या हातात पडायला हवं, संस्थेच्या पेटीत नको.