चर खोदणारे कोण आणि पाणी कोणाचे?

प्रश्न : आमच्या गावाच्या पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या भागातील पावसाचे पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळते तेथे, मृद व जलसंधारणाची कामे व्हावीत म्हणून आम्ही काही जणांनी पुढाकार घेतला. पहिल्या श्रमदानाला दीडशे माणसे आली. दोन महिन्यांत ती संख्या बारावर आली. डोंगराकडच्या वस्तीवरील लोक तर आता बैठकीलाही येत नाहीत. लोकांना पाण्याचे महत्त्व पटावे यासाठी आणखी काय करावे?

उत्तर : पाण्याचे महत्त्व लोकांना पटलेलेच असते. उन्हाळ्यात ज्या घरातील बाईला हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावे लागते, त्या घराला ते आपल्याहून आणि माझ्याहून अधिक ठाऊक आहे. तेव्हा महत्त्व पटूनही माणसे मागे का सरली, हे पाहिले पाहिजे, आणि त्याचा धागा आपल्याच पत्रात, डोंगराकडच्या वस्तीच्या उल्लेखात आहे.

पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे लागते, कारण वरच्या उतारावर पाण्याचा वेग मोडला नाही तर खालचे बंधारे थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरून जातात. त्यामुळे पहिली कुदळ माथ्यावर पडते, चराईबंदीही तेथेच लागू होते, आणि मुरलेले पाणी मात्र बहुधा सखल भागातील विहिरींना लागते. वरच्या वस्तीने कुरण सोडायचे, घाम गाळायचा आणि खालच्याने मोटर चालवायची, असा हा हिशेब असेल, तर त्या लोकांना उदासीन म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी हिशेब नीट केला आहे.

हरियाणातील सुखोमाजरी या गावाने हा पेच प्रत्यक्ष अनुभवला. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरू लागला, तेव्हा १९७० च्या दशकात मृदसंधारण शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र यांनी त्या गाळाचा माग काढला आणि तो चरून उघड्याबोडक्या झालेल्या टेकड्यांपर्यंत पोहोचला. टेकड्यांच्या पायथ्याशी मातीची धरणे बांधली गेली. परंतु पाणी केवळ जमीनवाल्यांना मिळणार असेल तर इतरांनी आपली जनावरे टेकडीवरून का हटवावीत, हा प्रश्न लगेच उभा राहिला. अखेर भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा द्यायचे ठरले. ज्याला शेत नव्हते त्याच्याही हाती विकता किंवा वापरता येण्याजोगा हक्क आला, आणि टेकडीला तारेचे कुंपण घालण्याची गरज उरली नाही, कारण ती राखण्यात आता सर्वांचाच फायदा होता.

पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभी केलेली पाणी पंचायत याहून एक पाऊल पुढे गेली. पाणी जमिनीच्या नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे, उसाला पाणी नाही, भूमिहीनालाही हक्क, आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. नियम कठोर होते, पण पहिली मोटर सुरू होण्याआधीच सर्वांना माहीत होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

म्हणून आपण पुढची बैठक चावडीवर न घेता डोंगराकडच्या वस्तीवर घ्यावी, आणि तिच्याआधी दोन्ही भागांतील लोकांसह शिवारफेरी करावी. फेरी संपल्यावर ओढा, विहिरी, कुरण यांचा नकाशा काठीने मातीतच काढावा. कागदावरील नकाशाकडे लोक मान डोलावून पाहतात; मातीतला नकाशा मात्र कोणीतरी पायाने पुसतो आणि ‘ओढा येथे वळत नाही’ असे म्हणत नव्याने काढतो. त्या क्षणापासून आराखडा त्यांचा होऊ लागतो. मग पाण्याचा ताळेबंद मांडावा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ५०० हेक्टरच्या पाणलोटात ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर २०० कोटी लिटर. त्यातील बरेचसे वाहून वा उडून जाते हे खरे, पण उरलेल्यात कोणते पीक बसते आणि कोणते नाही, ही चर्चा आकड्यांवर आली की आवाज आपोआप खाली येतात.

श्रमदानाबद्दल एक गोष्ट स्पष्टच लिहितो. रोजंदारीवर जगणाऱ्याने दुसऱ्याच्या विहिरीसाठी फुकट राबावे, याला मी दान म्हणणार नाही. जमीनमालकांनी वर्गणी व श्रम द्यावेत आणि भूमिहीनांना त्याच कामावर मजुरी मिळावी.

प्रश्न : आमच्या पाणलोट समितीत स्त्रिया आहेत, परंतु त्या बैठकीत बोलत नाहीत. काय करावे?

उत्तर : बैठकीची वेळ कोणी ठरवली, हे आधी पाहावे. सायंकाळी सात वाजता चूल सोडून येणारी स्त्री पाठीमागे बसते आणि लवकर उठते. चराईबंदी आणि वृक्षतोडबंदीचा पहिला भार जळण व चारा आणणाऱ्यांवर पडतो. म्हणून हा विषय त्यांच्या स्वतंत्र बैठकीत आधी चर्चिला जावा आणि बंद केलेल्या क्षेत्रातून गवत कापून नेण्याची सोय त्यांनीच ठरवावी. समितीच्या बँक खात्यावर एक सही स्त्री सदस्याची असेल, तर तिला विचारल्यावाचून कोणाचेच काम पुढे सरकत नाही.

प्रश्न : प्रकल्प संपून पाच वर्षे झाली. बंधाऱ्यात गाळ भरला आहे आणि संबंधित कार्यालय दाद देत नाही. दुरुस्ती कोणी करायची?

उत्तर : पाणलोट प्रकल्पांसाठीच्या केंद्र सरकारच्या २००८ च्या सामायिक मार्गदर्शक सूचनांनुसार खासगी जमिनीवरील कामांच्या खर्चापैकी किमान १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या तसेच अल्प व अत्यल्प भूधारकांकडून किमान ५ टक्के वर्गणी पाणलोट विकास निधीत जमा होणे अपेक्षित होते, आणि हा निधी मुख्यतः प्रकल्पानंतर सामाईक कामांच्या देखभालीसाठी असतो. आपल्या प्रकल्पाला त्या सूचना लागू असल्यास प्रथम त्या खात्याचे पासबुक मागवून सर्वांसमोर वाचावे. गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपल्या शेतात वाहून न्यावा. सांडवा (जादा पाणी वाहून जाण्याची वाट) आणि भिंतीतील गळती मात्र पावसाळ्यापूर्वी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी, कारण गाळ काढताना यंत्राने पाया उकरला गेला तर पहिल्याच मोठ्या पुरात बंधारा वाहून जाईल.