दूध तोडल्याबरोबर विकू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कालवडींचं दूध तोडलंस आणि त्याच आठवड्यात दलाल दारात येऊन गेला, हे वाचून लगेच लिहायला बसलो. त्याला होकार देऊ नकोस. दूध तुटलं की वासरू हंबरतं, खाणं टाकतं, अंगाने उतरतं. दलाल नेमका तेव्हाच येतो. तुझ्या दोन्ही कालवडी आत्ता साडेतीन महिन्यांच्या. खुराक आणि चाऱ्यावर त्या नीट रुळल्या, केसांना चकाकी आली की मगच गिऱ्हाईक बघ. याला तीन-चार आठवडे लागतात.

तेवढ्यात लसीचं वयही भरतं. ब्रुसेलाची, म्हणजे गुरांचा गाभ पाडणाऱ्या रोगाची, लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान, एकदाच देतात. कानात बारा अंकी बिल्ला आणि त्या क्रमांकावर लसीची नोंद असली की गोठ्यासाठी घेणारा माणूस निर्धास्त होतो, आणि मला असाच गिऱ्हाईक तुझ्यासाठी हवा आहे.

वजन नजरेवर सोडू नकोस. टेपने छातीचा घेर पुढच्या पायांमागून घे, लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत, दोन्ही इंचात. घेराला घेराने गुण, मग लांबीने गुण, ६६० ने भाग; आलं किलोतलं अंदाजे वजन. घेर ४४ आणि लांबी ३८ असेल तर १११ किलोच्या आसपास. समोरचा नव्वद म्हणाला तर टेप त्याच्या हातात दे.

दुधाचा दर डेअरीच्या पावतीवर असतो, वासराचा भाव मात्र आपला आपणच गोळा करावा लागतो. वही घाल. साखळी-वाळपईकडे कुणाची कालवड कितीला गेली, चोर्ला घाटापलीकडे बेळगावात काय चाललंय, सगळं लिही; पण शेजारी वय, वजन, जात आणि आईचं दूधही लिही, नाहीतर ती नुसती ऐकीव बातमी. जर्सी संकरित कालवडीचा भाव श्वेत कपिलेला लावू नकोस. कपिला दूध कमी देते, पण ती आपल्या गोव्याची नोंदणीकृत जात आहे, आणि ती जपणाऱ्यालाच ती द्यावी असं मला मनापासून वाटतं.

एप्रिल-मेमध्ये हिरवा चारा संपतो, पेंढा विकत घ्यावा लागतो, लोक गुरं कमी करतात आणि भाव पडतो. पाऊस लागून गवत वर आलं की घेणारे पुन्हा विचारू लागतात. तरी थांबणं फुकट नसतं. एका कालवडीवर दिवसाला ८० रुपये जात असतील तर महिन्याचे २४०० झाले. भाव तेवढा चढेल असं वहीत दिसत नसेल तर थांबू नकोस.

घाटापलीकडचा गिऱ्हाईक असेल तर पशुवैद्याचा दाखला आधी काढ. प्रवासातही वजन घटतं, म्हणून वजनावर सौदा झाला तर वजन आपल्याच दारात व्हायला हवं, हे आधीच बोलून घे.

थोरल्या कालवडीची आई चांगली दुभती आहे. म्हणून थोरलीला विकूच नये असं माझं मत. दोघींची मापं घेऊन कळव, धाकटीचे किती मागायचे ते मिळून ठरवू.

तुझा,
काका