मॉरिशसला बीच सोडून सहा दिवस काय करायचं? (खारघरच्या ताईंसाठी)

ताई, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला, पण नीट लिहायचं होतं म्हणून आज बसले. तुम्ही विचारलंय की मे महिन्यात सहा रात्री मॉरिशस, हॉटेल पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकला, सोबत सासूबाई आणि तिसरीतली लेक, मिस्टरांना पोहता येत नाही, सासूबाई शाकाहारी, आणि टूरवाल्याने दिलेल्या प्लॅनमध्ये रोज नुसती बोट आणि बीच, तर बाकी बघण्यासारखं काही आहे का. ताई, मला तर वाटतं मॉरिशस खरं बीचच्या मागेच आहे. मी दोनदा गेलेय, एकदा सासऱ्यांना घेऊन, एकदा आम्ही दोघंच, ठाण्याला परत आल्यावर मला समुद्रापेक्षा आतलं बेटच जास्त आठवत राहिलं.

सगळ्यात आधी राजधानी पोर्ट लुईला अख्खा एक दिवस द्या, आणि तिथे सकाळी पहिलं काम म्हणजे आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ ला अॅटलस नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून इथे उतरले, आणि पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून ऊसतोडणीच्या करारावर इथे आणली गेली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना ५ रुपये. गुलामगिरी संपत आली होती, १८३५ मध्ये बंदच झाली, मळेवाल्यांना हात हवे होते, म्हणून हा सगळा कारभार. यातली काही माणसं आपल्या मुंबई बंदरातून गेली, रत्नागिरी-सातारा भागातली. घाट तसा छोटासाच, दगडी पायऱ्या, जुन्या शेडचे अवशेष, शेजारी माहितीकेंद्र. २००६ पासून जागतिक वारसा आहे. प्रवेश फुकट. माझे सासरे राजापूरकडचे, ते त्या पायऱ्यांपाशी आले आणि त्यांनी चपला काढल्या. आम्ही कोणी काही बोललो नाही. मग म्हणाले, आपल्याकडून कोण कोण आलं असेल गं. तुमच्या सासूबाईंना मी हीच जागा आधी दाखवेन, लेकीलाही तिथे गोष्ट सांगता येते, प्रत्येक मजुराला नंबर दिलेला असायचा, पुढे फोटोही काढायला लागले, ती सगळी कागदपत्रं आज मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत सांभाळून ठेवलीयत आणि तिथली माणसं आजही आपल्या पणजोबांचं नाव शोधायला जातात.

फक्त रविवारी जाऊ नका. आम्ही पहिल्या खेपेला रविवारी गेलो आणि घाट बंद, शहर पण अर्धं बंद, सगळा दिवस फुकट गेला.

घाटापासून चालत सेंट्रल मार्केट. सासूबाईंच्या जेवणाची काळजी सोडा. दालपुरी म्हणून मिळते, शिजवलेल्या चणाडाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पोळी, दोन-दोन देतात, आत बीन्सची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी, आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच. गातो पिमाँ म्हणजे डाळवडे. आलुदा म्हणजे सब्जा घातलेलं गार दूध, फालुद्याचाच प्रकार. चटणीला ते साटिनी म्हणतात, शब्द कुठून गेला कळतंच. मार्केटनंतर वेळ असेल तर वॉटरफ्रंटवर ब्लू पेनी म्युझियम, तिथे १८४७ ची दोन टपाल तिकिटं आहेत, जगातल्या सगळ्यात दुर्मिळ तिकिटांपैकी, १९९३ मध्ये तिथल्या बँका-कंपन्यांनी मिळून सुमारे २० लाख डॉलरना विकत घेतली. रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर दिवे थोडाच वेळ लावतात, आत शिरतानाच वेळ विचारून घ्या.

आता लेकीसाठी. माझ्या मते तिच्यासाठी सगळ्यात छान जागा इल ओ एग्रेत. आग्नेयेला, विमानतळाच्या बाजूला, माएबुर्गपासून जवळ, म्हणजे तुमच्या हॉटेलपासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पण करा. २६ हेक्टरचं लहानसं बेट, मॉरिशसचं मूळचं किनाऱ्याचं जंगल जवळजवळ सगळीकडून संपलंय, इथे जपलंय, गाइडबरोबरच फिरायचं. गुलाबी कबुतर दिसतं, ते १९९० च्या सुमारास जंगलात जेमतेम दहा उरलं होतं! तिथून परत शेकड्यांवर आणलंय. आणि मोठी कासवं मोकळी फिरतात. मॉरिशसची स्वतःची कासवं डोडोसारखीच संपली, आणि ती संपली तर फळं खाऊन बिया पसरवणारं कोणी उरेना, म्हणून सेशेल्सकडच्या अल्दाब्राची कासवं आणून सोडली आणि झाडं परत उगवायला लागली. मी ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात पक्षी बघायला जाते, इतकी वर्षं जंगल वाचवायचं म्हणजे झाडं वाचवायची एवढंच डोक्यात होतं, ते तिथे बदललं. बोटीत चढताना सासूबाईंना हात द्या, बाकी चालणं सपाट आहे, डासांचं क्रीम मात्र न्या.

शामारेलचं नाव तुम्ही ऐकलं असेलच, सात रंगांची माती, ज्वालामुखीचा खडक कुजून लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उरले त्याचे ते रंग. बघायला वीस मिनिटं पुरतात. तिकडे गेलात तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस म्हणजे जंगलाच्या खोल दऱ्या, त्यांच्या व्ह्यूपॉइंटला जास्त वेळ थांबा, आणि तसंच पुढे गंगा तलावला. खड्ड्यातलं तळं आहे, जुन्या ज्वालामुखीचं, १८९७ मध्ये एका पुजाऱ्यांना स्वप्न पडलं की हे पाणी गंगेशी जोडलंय, तेव्हापासून महाशिवरात्रीला लोक अख्ख्या बेटावरून चालत येतात. १९७२ मध्ये गंगाजल आणून त्यात मिसळलं. शंकराची १०८ फुटी मूर्ती लांबूनच दिसते. सासूबाईंना सांगा की प्रसाद पदराखाली ठेवायचा, माकडं फार. आणि वरच्या भागात धुकं, भुरभुर पाऊस, बोचरा वारा असतो, मे म्हणजे तिकडे हिवाळ्याची सुरुवात, खाली किनाऱ्यावर टीशर्ट आणि वर स्वेटर लागतो, विंडचीटर सगळ्यांचे घ्याच. परतताना बुआ शेरीचा चहाचा मळा जवळ आहे, व्हॅनिलाचा चहा घरी आणण्यासारखा.

मिस्टरांना एक सकाळ मोकळी द्या, ल पूस डोंगर चढू देत, ८१२ मीटर, मोकाच्या बाजूने वाट सोपी, डार्विन १८३६ मध्ये इथे आला तेव्हा तोही चढला होता. ल मोर्न डोंगर पण आहे, पळून गेलेले गुलाम त्या कड्यावर आसरा घ्यायचे, पण शेवटचा टप्पा चांगलाच उभा आहे, पाऊस पडलेला असेल तर मी नाही म्हणेन.

एक शेवटचं, जे टूरवाला सांगणार नाही. तिथे मराठी माणसं आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली, बोलतात पण गणपतीत झाकरी म्हणून नाच करतात, तो आपला कोकणातला जाखडीच, गाणी मराठी. आमच्या दुसऱ्या ट्रिपच्या ड्रायव्हरदादांचं आडनाव मराठी निघालं, त्यांना मराठी वाक्य जुळवता येईना पण आरती पाठ होती, गाडी चालवताना सुखकर्ता अख्खी म्हणून दाखवली. म्हणून टॅक्सी दिवसभरासाठी ठरवताना आधी नाव विचारा, आडनाव आपल्याकडचं वाटलं तर सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा.